हौदाचं झाकण

सूर्यकांत देवस्थळी काय करतात असं कुणी विचारलं, तर पूर्वी ते नुसतं बोट वर करून दाखवायचे. दुबईच्या अल बर्शा भागातल्या त्यांच्या गॅलरीतून शेख झायेद रोडपलीकडचा ते इंजिनियर म्हणून बांधत असलेला टॉवर दिसायचा. निम्म्याहून जास्त उभा राहिला होता. मग दोन हजार आठचा डिसेंबर आला आणि क्रेन जिथल्या तिथे थांबली. जानेवारीत त्यांच्या बायकोने, शोभनाने, हळदीकुंकवाला दरवर्षीसारखं भरपूर वाण आणून ठेवलं, तर बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका सामान बांधण्यात गुंतलेल्या. आल्या त्या नवऱ्यांच्या नोकऱ्यांबद्दल दबक्या आवाजात बोलून, तिळगूळ तोंडात टाकून निघून गेल्या. मार्चमध्ये सूर्यकांतांनाही साहेबांनी आत बोलावलं आणि फार गोड शब्दांत घरी पाठवलं.

नवी नोकरी मिळाली ती एका छोट्या ठेकेदाराकडे. काम काय, तर फुजैराच्या डोंगरात सुदैरा नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या हौदावर काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. "म्हणजे टॉवरवरून उतरलात ते थेट झाकणावर," शोभना म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं, कारण सूर्यकांत हसले नाहीत. व्हिसा राहतोय ना, मग खलास, झालं तर, एवढंच म्हणाले आणि खोके आणायला सुपरमार्केटमध्ये गेले. पुण्याला शिकणाऱ्या वरदला फोनवर कळवलं तर तो म्हणाला, "आई, आर यू सीरियस? व्हिलेज?" त्याची समजूत घालण्यापेक्षा भांडी बांधलेली बरी, म्हणून तिने फोन ठेवला.

गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत पसरलेली पन्नासएक घरं, एक मशीद, एक किराणा दुकान आणि खजुराच्या बागा. भाजीवाला आठवड्यातून एकदा येणार, आणि त्याच्या गाडीत भेंडी असेल तर नशीब. कंपनीने जुन्या शाळेमागच्या दोन खोल्या दिल्या होत्या. पहिले चार दिवस शोभनाने तोंड फुगवून काढले. झाडायचं, पुसायचं, पुन्हा झाडायचं. पाचव्या दिवशी सूर्यकांत म्हणाले, चल, माझं ऑफिस तरी बघ. ती नाखुशीने चप्पल घालून निघाली, आणि हौद बघून जागच्या जागी थांबली.

तिला वाटलं होतं, असेल एखादी सिमेंटची टाकी. हा होता चांगला बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढा दगडी हौद. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने खाली यायचं. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात. प्यायचं पाणी लोक पाटाच्या तोंडाशीच भरून घ्यायचे, बाकीचं हौदात साठायचं, आणि तिथून पाळीपाळीने बागांना सुटायचं. ते सोडणारा होता इद्रीस, पेशावरकडचा एक दाढीवाला पठाण, जो गावातल्या शेखांनाही तुमची पाळी उद्या म्हणून परत पाठवायचा. एका टोकाला पाणी कमरेइतकं, दुसऱ्या टोकाला डोक्याच्याही वर. आणि इतकं स्वच्छ की तळाचा दगड न् दगड मोजावा.

पाणी बागांचं, पण हौद सगळ्या गावाचा. शुक्रवारी पुरुष कठड्यावर चटया टाकून कहवा पीत बसत, पोरं कपड्यांसकट उड्या मारत, कुणीतरी कोळशावर मांस भाजायला घेई. आणि इतर दिवशी, दुपारच्या नमाजापासून सूर्य मावळेपर्यंत, हौद बायकांचा. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या वेळात इद्रीससुद्धा खालच्या बागेत जाऊन बसायचा आणि वळूनही बघायचा नाही. एवढ्या सुंदर पाण्यावर आपला नवरा झाकण घालणार, हे शोभनाला त्या क्षणी अजिबात आवडलं नाही. पण नवऱ्याचा व्हिसा त्याच झाकणावर होता, तेव्हा ती गप्प बसली.

झाकण कशाला, ते तिला बदरुन्निसाकडून कळलं.

बदरुन्निसा शेजारच्याच घरातली. मूळची हैदराबादची, वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आलेली. नवरा राशिद सरकारी शाळेची बस चालवायचा. शोभना दोरीवर कपडे वाळत घालताना स्वतःशीच मराठीत करवादत होती, तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला, "इंडिया से हो क्या?" तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. एकीची भरली वांगी पलीकडे गेली, दुसरीचं बघारे बैंगन अलीकडे आलं, आणि कुणाचं वांगं खरं यावर दोघींनी अख्खी दुपार घालवली. वीस वर्षांत बदरुन्निसाला कुणाशी पोटभर हिंदीत भांडता आलं नव्हतं; ती शोभनाला बाजी, म्हणजे ताई, म्हणायला लागली. शोभनालाही अल बर्शा सुटल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं, ते लागायला लागलं.

गावातल्या बायका बदरुन्निसाला उम्म मोझा म्हणत. मोझाची आई. तिथे आईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, जशी आपल्याकडे बंडूची आई. शोभनाने सहज विचारलं, मोझा कुठे असते, शिकायला बाहेर असते का? बदरुन्निसा मसाला वाटत होती. तिने हात थांबवला नाही. मोझा अकरा वर्षांची असताना, दोन उन्हाळ्यांपूर्वी, भर दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना एकटीच हौदावर गेली होती. पाय घसरला असावा. अंगातला लांब झगा पायांत गुंडाळला गेला. सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. गावातली बहुतेक पोरं कशीबशी हातपाय मारायला शिकलेली असायची, मोझाला मात्र बदरुन्निसाने कधी पाण्यात उतरू दिलं नव्हतं. तिला स्वतःला पाण्याची भीती होती ना.

तेव्हापासून ती हौदाकडे फिरकली नव्हती. दुकानात जायचं तर लांबचा रस्ता धरायची. पण गप्पही बसली नव्हती. राशिदच्या मागे लागून, गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे जाऊन, रडून, भांडून तिने हौद झाकायचं कबूल करून घेतलं होतं. गावाचा जीव हौदात होता, तरी कुणी तिला नाही म्हणू शकलं नाही. ईदनंतर काम सुरू व्हायचं होतं. सूर्यकांतांना तर ती देवदूतच समजायची. भाईसाब कधी सुरू करतात, हे ती रोज विचारायची. शोभना बापडी म्हणायची, करतील हो, करतील. तिला आता झाकणाविरुद्ध मनातल्या मनातही काही म्हणता येईना.

बदरुन्निसाला एक धाकटी होती, शम्सा, नऊ वर्षांची. शाळेतून आली की ती घरात. दार आतून बंद. खेळायचं ते अंगणात, आईच्या नजरेसमोर. पोरगी शहाणी होती, हट्ट करत नव्हती, पण हौदाकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला की हातातली बाहुली तशीच राहायची आणि मान तिकडे वळायची.

आता शोभनाचं एक होतं, ते सांगायलाच हवं. ही बाई कृष्णाकाठची, कराडच्या अलीकडच्या खेड्यातली. तिकडे सहा वर्षांचं लेकरू झालं की त्याच्या पाठीला सुकवलेला भोपळा बांधायचा आणि द्यायचं नदीत ढकलून. आईबापांना विचारायची पद्धतच नाही. काठावर धुणं धुणारी कुठलीही आत्या, काकू, मावशी हे काम परस्पर उरकायची. शोभनाला गिरिजाआत्याने असंच ढकललं होतं, आणि आई तासाभराने भाकरी घेऊन आली तेव्हा पोरगी नदीच्या मधोमध. आईने फक्त विचारलं, भूक लागली का? लग्नानंतर ठाणं काय, दुबई काय, पोहणं सुटलंच. पण पाणी समोर दिसलं की तिचे खांदे शिवशिवायचे.

मे महिन्याची काहिली सुरू झाली, तशी ती एका संध्याकाळी जुनी सुती साडी कासोटा घालून नेसली आणि बायकांच्या वेळेत हौदात उतरली. उतरली कसली, कठड्यावरून सूर मारला. पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली ही हिंदी बाई या टोकाला पाण्यात शिरली आणि त्या टोकाला निघाली. काठावरच्या बायकांनी तोंडं वासली. अंग सगळं झाकलेलं, आणि पाय मोकळे! त्यांच्यातल्या एका म्हातारीने पुढे होऊन तिच्या कासोट्याला हात लावून पाहिला, कसा घट्ट बसलाय ते दोनदा ओढून बघितलं, आणि मग सगळ्यांना वळून असं काही सांगितलं की हसून हसून सगळ्या कठड्यावर आडव्या झाल्या. काय सांगितलं ते शोभनाला कळलं नाही, पण ती पण हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिची शाळाच सुरू झाली. सुदैरात भोपळा मिळेना, पण पाण्याचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन ढिगाने. बूच घट्ट लावायचं, दोन कॅन पाठीला ओढणीने आवळायचे, हनुवटीखाली हात धरायचा, आणि मार पाय. यल्ला, यल्ला! एवढं अरबी तिला पुरत होतं. आजवर पोरी नुसत्या धडपडत पोहायच्या, आता नीट श्वास सोडून, अंग पसरून पोहायला लागल्या. बायकाही उतरल्या. हौदाचे हे शेवटचे महिने आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच की काय, कुणी एक दिवस चुकवत नव्हतं.

आणि मग तो प्रसंग झाला. एकदा भर दुपारी शोभना सूर्यकांतांचा विसरलेला डबा पोचवून परत येत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हौदाच्या खोल टोकाशी, कठड्यावर पोटावर झोपून, शम्सा पाण्यात हात बुडवत होती. खांद्यापर्यंत हात आत, आणि अर्धं अंग कठड्याबाहेर. आई डोकं दुखतं म्हणून गोळी घेऊन झोपली होती, पोरीने कडी काढली होती.  शोभनाने हाक मारली नाही, दचकली तर जाईल म्हणून. चपला काढून मागून गेली आणि पोरीला झग्याला धरून मागे ओढलं.

दोघी कठड्याखाली सावलीला बसल्या. शम्सा रडली नाही. आईसारख्याच हिंदीत म्हणाली, मोझाला काय दिसलं असेल ते बघत होते.

 शोभनाच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख बसली. ईदला अजून तीन-चार महिने आहेत, आणि ही पोरगी पुन्हा येणार. झाकण पडलं तरी डोंगरात ओढ्यांचे डोह आहेत, खाली धरण आहे, सगळ्यांवर काही झाकण पडणार नाही. हिला पोहता आलंच पाहिजे. इथवर ती बरोबर होती. तेव्हाच उठून बदरुन्निसाच्या घरी जायचं, तिला जागं करायचं आणि घडलं ते सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण नाही. त्या बाईला हे कळलं तर ती मरेल, असं शोभनाने स्वतःच ठरवलं. गिरिजाआत्याने कुठे कुणाला विचारलं होतं? झालं. कृष्णाकाठचा कायदा तिने सुदैरात लावला.

तिने बदरुन्निसाला सांगितलं, शम्साचं इंग्रजी कच्चं आहे, रोज चार वाजता माझ्याकडे पाठव, शिकवते. बदरुन्निसाला केवढा आनंद झाला. तिने शम्साला नवीन पेन्सिली आणल्या.

सगळ्या बायकांना खरं ठाऊक होतं आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशी शम्सा शोभनाच्या गळ्याला अशी चिकटली की सोडवता सुटेना. आठवड्याने कॅन बांधून एकटी तरंगायला लागली. पुढच्या आठवड्यात एक कॅन काढला. केस वाळवायला शोभनाच्या घरी ड्रायर होता, आणि वाळेपर्यंत दोघी खरंच इंग्रजीचा धडा म्हणायच्या, म्हणजे निदान तेवढं तरी खोटं नको. जूनच्या मध्यावर दुसराही कॅन निघाला, आणि शम्सा हौदाच्या रुंदीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकटी गेली. शोभनाने तिला उचलून घेतलं आणि तिचे पटापट मुके घेतले. इतका आनंद तिला वरद बारावीला पास झाला तेव्हाही झाला नव्हता.

तिसऱ्याच दिवशी बदरुन्निसा मास्तरीणबाईंसाठी खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं गोड घेऊन निघाली. घराला कुलूप. वही, पेन्सिली ओट्यावर. हौदाकडून पोरींचा गलका ऐकू येत होता, आणि त्या गलक्यात आईला आपल्या लेकीचा आवाज ओळखू आला.

दोन वर्षांत जो रस्ता तिने तुडवला नव्हता, त्या रस्त्याने ती धावत आली. शोभनाने वर पाहिलं तेव्हा ती कठड्याशी उभी होती, हातात भांडं तसंच. शम्सा हौदाच्या मधोमध होती, खोल पाण्यात. गलका एकदम बंद झाला. बदरुन्निसा ओरडली नाही. तिने भांडं कठड्यावर ठेवलं. शम्सा पोहत काठाला आली, वर चढली, आणि आईपुढे निथळत उभी राहिली. बदरुन्निसाने तिला चाचपून बघितलं, डोकं, हात, पाठ, जणू काही मोडलंय का ते बघावं तसं. मग तिला ओढणीत गुंडाळली, आणि शोभनाकडे बघून म्हणाली, "बाजी, तुम मेरेकू पूछे बी नहीं."

मारलं असतं तर बरं वाटलं असतं शोभनाला. ती पाण्यात तशीच उभी राहिली. खुबानीचं भांडं कठड्यावर राहून गेलं होतं.

त्याच संध्याकाळी राशिद सूर्यकांतांकडे आला. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाला, ईदपर्यंत थांबणं नको. उम्म मोझा म्हणते, उद्यापासून सुरू करा. सूर्यकांतांनी मान डोलावली, त्याला दारापर्यंत सोडून आले, आणि मग बायकोकडे वळले. एरवी हा माणूस चिडत नाही. त्या दिवशी चिडला. म्हणाले, ज्या बाईची एक मुलगी पाण्यात गेली, तिच्या दुसऱ्या मुलीला तू चोरून पाण्यात घालतेस? तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही? शोभना म्हणाली, विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. "मग ती नाही म्हणाली असती," सूर्यकांत म्हणाले आणि आत निघून गेले.  शोभना ओट्यावर बसून हमसून हमसून रडली.

दोन दिवसांत सळ्यांचा ट्रक आला. ताडपत्री टाकून सळ्या हौदाशेजारी रचल्या. इद्रीसने सगळ्या बागांना शेवटचं भरपूर पाणी द्यायला घेतलं. गुरुवारी मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, तळाचं बूच उघडायचं आणि हौद रिकामा करायचा, असं ठरलं.

शोभना बुधवारी बदरुन्निसाच्या दाराशी गेली. बाजू मांडायला नाही. दुपारी कठड्यावर शम्सा कशी सापडली, ते आधी सांगायला हवं होतं, तेवढंच सांगायला, आणि पाया पडायला. बदरुन्निसाने दार उघडलं पण आत ये म्हणाली नाही. शोभनाने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. मोझाला काय दिसलं असेल ते शम्सा बघत होती, हेही सांगितलं. चुकले मी, म्हणाली, तू आई आहेस, तू ठरवायचं होतंस. बदरुन्निसा दाराच्या चौकटीला धरून ऐकत राहिली.  शेवटी तिने एवढंच विचारलं, पाण्यात शम्सा घाबरत होती का?

इथे गोड काहीतरी बोलून टाकावं असा मोह शोभनाला झालाच असणार. पण एकदा तोंड पोळलं होतं. पहिला आठवडा फार घाबरली, ती म्हणाली. माझ्या मानेवर तिची नखं उमटली होती. मग कमी घाबरली. आता घाबरत नाही, पण खोल टोकाकडे जाताना अजून एकदा मागे वळून बघते. बदरुन्निसाने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी बायका जमल्या त्या निरोपाला जमाव्यात तशा. पोरीसुद्धा हळूच पोहत होत्या. हौदाच्या भिंतीपलीकडे, बायकांच्या नजरेआड, सूर्यकांत, राशिद आणि इद्रीस बूच उघडायला दिवस मावळायची वाट बघत उभे. शोभना कठड्यावर बसून होती, पाण्यात उतरायची तिला हिंमत होत नव्हती.

बदरुन्निसा आली, शम्साचा हात घट्ट धरून. शम्साला तिने कठड्यावर बसवलं, हलू नकोस म्हणून बजावलं. स्वतः उथळ टोकाच्या पायऱ्यांपाशी गेली आणि उभी राहिली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तिने पायातल्या सपाता काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या, आणि शोभनाला म्हणाली, "पहले मेरेकू सिखाओ. ये बाद में."

शोभनाला आधी ऐकलं ते खरंच वाटेना. मग ती उठली. तिने बदरुन्निसाचा हात धरला. पहिल्या पायरीवर बदरुन्निसाच्या तोंडून दुवा सुरू झाली, दुसऱ्या पायरीवर दात वाजायला लागले, जूनच्या त्या उकाड्यात. कमरेइतक्या पाण्यात ती थांबली आणि तिने शोभनाच्या दंडाला असा चिमटा घेतला की काळंनिळं झालं. पण वर चढली नाही. इतर बायका एकेक करून पाण्यात उतरल्या आणि तिच्याभोवती नुसत्या उभ्या राहिल्या. कासोटा ओढून बघणाऱ्या त्या म्हातारीने तिच्या पाठीवर पाण्याचे हात फिरवले, बाळंतिणीला न्हाऊ घालावं तसे.

सूर्य टेकला तेव्हा बदरुन्निसाने भिंतीपलीकडे आवाज दिला. भाईसाब, थांबा. किती दिवस, ते मी शिकले की सांगेन.

पुढचा महिना सूर्यकांतांनी सळ्यांवरचा गंज पुसण्यात आणि ठेकेदाराला थापा मारण्यात घालवला. रिकामपणी त्यांनी एक नवीन नकाशाही काढला: पाटाच्या तोंडाशी, जिथून लोक प्यायचं पाणी भरतात तेवढ्यावर स्लॅब, बाकी हौदाला सभोवार रेलिंग, खोल टोकाला चढायला पायऱ्या, आणि आत दोन्ही बाजूंनी धरायला साखळी. काम कमी नव्हतं, उलट वाढतच होतं. टॉवरच्या वेळी करायचे तसे ते रात्री जेवताना पोळीच्या तुकड्याने ताटात पायऱ्या आखून दाखवायला लागले, आणि शोभनाने मुकाट्याने आणखी एक पोळी वाढली. राशिदने नकाशा गावातल्या वडीलधाऱ्यांना नेऊन दाखवला. त्यांनी दाढ्या कुरवाळल्या आणि सांगितलं, नकाशा चांगला आहे, पण उम्म मोझा म्हणेल ते. म्हणजे सगळं पुन्हा तिच्यावर येऊन थांबलं.

आणि उम्म मोझाला पोहणं काही केल्या येईना. अहो, एवढी वाईट शिष्या गिरिजाआत्यालाही मिळाली नसेल. पाणी नाकात गेलं की हैदराबादी शिव्या, कॅन सैल झाला की शिव्या, शोभनाने हात काढला की तर विचारूच नका. रोज घरी जाताना म्हणायची, उद्या नक्को, खलास. रोज चारच्या ठोक्याला हजर. तिलाही शोभनाने सुती साडीचा कासोटा घालून दिला होता, आणि तो तिला शोभनापेक्षा बरा दिसायचा, हे तिने स्वतःच जाहीर केलं होतं. शम्सा रोज कठड्यावर बसून पाय हलवत आईला बघायची. पाण्यात जाऊ का, असं तिने एकदाही विचारलं नाही. शोभनाने तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. यावेळी ठरवणारी दुसरी होती.

एक कॅन निघाला. दुसरा निघायला फार दिवस लागले. मग जुलैत एका संध्याकाळी बदरुन्निसाने स्वतःच पाठीची गाठ सोडली, कॅन काठावर फेकला आणि भिंत सोडली. पोहणं बघण्यासारखं नव्हतं. मान ताठ, डोळे मोठे, हात पाण्यावर आपटत. शोभना हाताच्या अंतरावरून चालली होती, पण शिवली नाही. कमरेचं पाणी संपलं, छातीचं संपलं. पाय टेकेनासे झाले तिथे बदरुन्निसा थांबली, बुडाली, वर आली, पुन्हा हात मारले, आणि तरंगत राहिली. ज्या जागेपासून दोन वर्षं लांबचा रस्ता धरला, त्या जागी.  तिने तळाकडे बघितलं, चांगलं बराच वेळ. तोंडावरून पाणी वाहत होतं, त्यात रडणं किती ते कुणाला कळणार?

मग तिने तोंडातलं पाणी थुंकलं, कठड्याकडे वळली, आणि जेवायला हाक मारावी तशा रोजच्या आवाजात म्हणाली, "शम्सा, आ जा."

शम्साने शोभनाकडे बघितलं. शोभनाने हनुवटीने आईकडे खूण केली. पोरीने उडी मारली, वर आली, केस मागे टाकले आणि लांब, सावकाश हात मारत आईच्या दिशेने निघाली. बदरुन्निसाने एक हात पुढे केला होता. शम्सा त्या हातापर्यंत आली, त्याला बोटं लावली आणि पुढे खोल टोकाकडे गेली. बदरुन्निसाने हात मागे घेतला आणि तिला जाऊ दिलं.